होडीच्या पोटातला फोम

बाबांनी होडीला पॉलिशचा शेवटचा हात मारला आणि मला म्हणाले, "लाकडाचं काम माझं झालं. आता फोमचं तू पाह्य."

बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत अकरा महिने ही होडी बनत होती. हातभर लांब, रिमोटवर चालणारी. बाबांची सगळी नोकरी कारखान्यात लेथ मशीन चालवण्यात गेली. रिटायर झाल्यावर काहीतरी घडवत राहायचं, एवढा एकच नाद त्यांना उरला होता. पॅकिंगच्या खोक्यांच्या लाकडातून पातळ पट्ट्या काढून त्यांनी होडी बांधायला घेतली, तेव्हा त्यांचा उजवा हात फक्त चहा पिताना थरथरायचा. निम्मं काम होईस्तोवर करवत धरवेना. शेवटच्या पट्ट्या त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरून बसवल्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, बारीक काम आता विसरा. म्हणजे ही होडी बुडाली तर दुसरी होणार नव्हती. या एका गोष्टीचा मी धसकाच घेतला होता.

होडीत मोटर आणि बॅटरी असते. आत पाणी शिरलं की त्यांचं वजन होडीला तळाशी नेतं. म्हणून रिकाम्या जागेत हलका, न भिजणारा फोम भरून ठेवायचा, म्हणजे पाणी शिरलं तरी ती तरंगत राहते. एवढं बाबांनी मला समजावून सांगितलं होतं.

यात विचार करण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. आमच्याकडे महालक्ष्म्यांची आरास माझ्याकडे असते आणि थर्माकोलच्या कामात मी कुणाला ऐकत नाही. खांब, कमानी, नाचरे मोर, सगळं हातचं. थर्माकोलवर बंदी आल्यापासून चार-पाच जाड तक्ते माळ्यावर पडून होते. टाकवत नव्हते आणि वापरताही येत नव्हते. तापवलेल्या तारेनं मी होडीच्या पोटाच्या मापाचे तुकडे असे नेमके कापले की माझं मलाच कौतुक वाटलं. आराशीला आम्ही पांढरा गोंद लावतो, पण तो पाण्यात सुटतो. म्हणून महाल भागातल्या आमच्या नेहमीच्या चपलावाल्याकडून सोल चिकटवायचं सोल्युशन आणलं. पावसाळाभर पाण्यातून चाललं तरी चपला उकलत नाहीत, तर होडी कशी उकलेल? ही माझी अक्कल.

सोल्युशन लावून तुकडे बसवले आणि डोळ्यांदेखत थर्माकोल खचायला लागला. मी बोटानं दाबायला गेले तर बोट आत गेलं. पाच मिनिटांत सगळ्या तुकड्यांचा चिकट लगदा होऊन बाबांच्या त्या गुळगुळीत लाकडाला चिकटून बसला. माझं डोकं असंही लवकर तापतं, त्यात चूक माझी असली की जास्तच. "त्यानं खराब माल दिला!" म्हणून मी ओरडत सुटले. बाबा खुर्ची ओढून बसले आणि जुन्या चमच्याच्या दांडीनं लगदा खरवडायला लागले. दोन दुपारी ते काम चाललं. मी रडकुंडीला आलेली पाहून म्हणाले, "रडते काहून वं? खरवडाले असाच हलता हात लागते."

त्यांच्या त्या बोलण्यानं मला आणखीच वाईट वाटलं आणि मी तडक महालात भांडायला गेले.

चपलावाल्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "ताई, हे सोल्युशन थर्माकोल खाते. तुम्ही विचारलं असतं त मी तवाच सांगितलं असतं." मी विचारलं नव्हतं. काय लावायचंय हे सांगितलंही नव्हतं. "पण चप्पल सोडून लावलं कायले?" त्यानं विचारलं. मी होडीचं सांगितलं. मग का कोण जाणे, बाबांच्या हाताचंही सांगून टाकलं.

 मग बसल्या जागेखालून सोल कापून उरलेले पांढऱ्या शीटचे तुकडे काढून त्यानं माझ्यापुढे ठेवले. "हे न्या. हे पाणी पेत नाही. एका साली नाल्याचं पाणी दुकानात शिरलं, त माह्या चपला पार चौकापर्यंत तरंगत गेल्या. आठ दिवसांनी एक सापडली. कापून पाह्यली, आतून कोरडी. अन् आपलं सोल्युशन याले बराबर धरते." भांडायला आलेल्या बाईला इतकं कोण देतं? मला त्याच्या दुकानात उभं राहायचीही लाज वाटली.

बाबांनी मात्र चपलावाल्याच्या शब्दावर भरवसा ठेवला नाही. त्या शीटचा एक तुकडा आणि सोफ्यातल्या पिवळ्या फोमचा एक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजले, बादलीत टाकले, वर वरवंटा ठेवला. दुसऱ्या दिवशी पिवळा फोम कढीतल्या भज्यासारखा फुगून निघाला. चपलेचा तुकडा पुसून मोजला, तर काटा कालच्याच जागी. मग मोटर-बॅटरीच्या वजनाइतके नट-बोल्ट पिशवीत भरून बाबांनी मला तिच्यावर तुकडे बांधायला लावले. पिशवी तरंगली.

"अजून टाक," बाबा म्हणाले.

"तरंगून राहिली ना बाबा, अजून काहून?"

"टाक म्हणतो ना."

तळाशी फोम भरला तर होडी पोट वर करून तरंगते, म्हणून सगळे तुकडे वरच्या बाजूला, नाकात, शेपटीत आणि कडांना चिकटवले. बाबांचं "अजून टाक" काही संपेना. शेवटी बॅटरीला जेमतेम जागा उरली. म्हातारपणी माणूस भित्रा होतो, असं मी मनात म्हटलं.

डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही सोनेगावच्या तलावावर गेलो. रिमोट मी चालवणार हे मी गृहीतच धरलं होतं. पण होडी पाण्यात सोडल्यावर बाबांनी हात पुढे केला. मला नाही म्हणवेना, रिमोट दिला.

दोन मिनिटं होडी मजेत गेली. मग बाबांचा अंगठा थरथरला, होडी झपकन वळली, कलली, वरचं झाकण उघडलं आणि पाणी आत शिरलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा होडी काठोकाठ पाण्यात बसली होती, पण नाक आणि शेपटी वर होती. बुडाली नव्हती. मोटर बंद पडलेली, म्हणून वारा तिला काठाला आणेल याची वाट पाहत आम्ही दगडावर बसलो.

"म्हणून राहिली होती ना मी, मले द्या म्हणून!" म्हणजे, तसं मी एकदाही म्हटलं नव्हतं.

बाबा होडीकडेच पाहत होते. "पलटणार हे मले माहीत होतं. हा हात पलटवणारच."

"मंग चालवली कायले?"

"चालवाची होती म्हणूनच त फोम टाक, अजून टाक करून राहिलो होतो. बुडली असती त तू पुन्हा मले रिमोट दिला असता काय?"

खरंच, नसता दिला. होडी काचेच्या कपाटात ठेवली असती आणि बाबांना कपाटासमोरच्या खुर्चीत. काळजीच्या नावाखाली मी तेच केलं असतं आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नसतं.

मी ऊठसूट देवाचे आभार मानणाऱ्यांतली नाही. पण वाऱ्यानं पाऊण तासानं होडी काठाला आणली, तेव्हा मी मनातल्या मनात त्या चपलावाल्याला हात जोडले, आणि बाबांनाही, त्यांनी माझ्याकडून फोम भरून घेतला म्हणून. घरी येऊन होडीतलं पाणी ओतलं, मोटर उन्हात सुकवली, झाकणाला नवी कडी लावली.

पुढच्या रविवारी बाबांनी हात पुढे करायच्या आधीच मी रिमोट त्यांच्या हातात दिला. होडी दोनदा पलटली. दोन्ही वेळा आम्ही दगडावर बसून तिची वाट पाहिली.