कुलुपासाठी लागलेली रांग
ओल्या कापसाचा वास आला की मले जिनिंगातली ती दुपार आठवते. काट्यावर वजन करायचं काम माझं होतं, अन् वजनं नुकतीच कॉम्प्युटरात चढू लागली होती. आभाळ भरून आलं होतं, फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या बैलबंड्या उभ्या होत्या, अन् एकाएकी कॉम्प्युटरचा पडदा थिजला. "काऊन थांबले, काकाजी? भिजला कापूस तं तुमी वाळवून देता काय?" एक शेतकरी ओरडला. नागपूरहून आलेली कॉम्प्युटरवाली पोरगी वजनाच्या तक्त्यात ओलाव्याचा नवा रकाना जोडत होती. मी तिच्यावर धावलो. ती म्हणाली, "काका, रकाना क्षणात जोडला जातो, पण तेवढ्यापुरतं अख्ख्या तक्त्याला माझं एकटीचं कुलूप लागतं. आत मालकांचा मोठा रिपोर्ट तोच तक्ता वाचतोय. तो संपेपर्यंत मी अडलेय, आणि माझ्यामागं तुमची वजनं." "मंग तू सर ना बाजूले!" "मालकांनी आत्ताच करा म्हटलंय." "पाऊस मालकाले पुसून येते काय?" तिनं ओठ चावला अन् मशीनले दिलेला हुकूम मागं घेतला. वजनं लगेच सुरू झाली. शेवटची बंडी शेडात शिरली अन् सरी आल्या. संध्याकाळी तिनं तेच काम पुन्हा लावलं, पण आता मशीनले सांगून, की कुलूप लगेच नाई भेटलं तं अडून बसू नको, मागं सर अन् थोड्या वेळानं पुन्हा विचार. मी तं शेताच्या बांधावरच्या, धुऱ्याच्या वाटेसाठी सख्ख्या भावासमोरही कधी मागं सरलो नाई, अन् आताही सरत नाई. पण त्याच्या दारावरून जाताना ती पोरगी आठवते, अन् पाय जरा हळू पडतात.