मोबाईलातली ती बाई

पाचव्या महिन्यात माझं मूल पोटातच गेलं. त्यानंतर घराबाहेर पाऊल टाकलं की छातीत धडधडायचं. विहिरीवर जायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. सासूबाई म्हणायच्या, "बाहेरची बाधा." नवऱ्याने मात्र मला डोळखांबहून एसटीने शहापूरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्याच्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. रोज संध्याकाळी ते ऐकायचं, मग रडक्या-हसऱ्या चेहऱ्यांतला, त्या दिवशी मन जसं असेल तसा एक दाबायचा.

त्यातल्या बाईचा मला पहिल्याच दिवशी संताप आला. कसला तो गुळगुळीत आवाज! "डोळे मिटा. तुम्ही सुरक्षित आहात. बाळासारखा शांत श्वास घ्या." बाळासारखा! मी मोबाईल भाताच्या कणगीत खुपसला, तरी ती आतून बोलतच राहिली.

मग मी न ऐकताच हसरा चेहरा दाबू लागले. रडका दाबला की ती आणखी प्रश्न विचारायची. हसऱ्यावर "छान!" म्हणून गप्प व्हायची.

पुढच्या खेपेला नवऱ्याने डॉक्टरांपुढे मोबाईल धरला. सगळे हसरे चेहरे. "बरी झाली ती," तो खुशीत म्हणाला. "गोळ्या बंद करायच्या काय आता?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "कोण बरी झाली? खोटं दाबलंय मी! तुमी एकदा तरी विचारलं काय, कशी हायस म्हणून? मूल त्या बाईचं नाय गेलं, आपलं गेलं."

दाराबाहेरची माणसं वाकून बघू लागली. नवऱ्याचे डोळे भरले. "मला सांगायचंस गो."

"तुमाला दिसत नव्हतं?" मला त्याची जराही दया आली नाही.

डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवल्या, अ‍ॅप काढून टाकलं आणि दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर एका समुपदेशक बाईंशी बोलायचं ठरवून दिलं. आमच्या पाड्यावर रेंज फक्त टेकडीवर येते. मी वर बसायचे, नवरा खाली वाटेवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला थोपवायचा.

"मला श्वास-बीस शिकवू नका," मी सुरुवातीलाच ठणकावलं.

"नाही शिकवत," त्या म्हणाल्या. "बाळाबद्दल सांगाल?"

मी फोन कापला. पुढच्या आठवड्यात मात्र सांगितलं. मुलगी होती. सासूबाईंनी मला तोंडही बघू दिलं नाही, कापडात गुंडाळून नेली. हे बोलताना मी एवढी ओरडले की नवरा धावत वर आला. त्या बाई फोनवर थांबून राहिल्या.

आता मी विहिरीवर एकटी जाते. धडधड अजून होते, पण परत फिरत नाही. सासूबाईंशी मी बोलत नाही.