घासलेला नंबर

माझ्या धाकट्या भावाला सगळा बाजार 'कानस' म्हणतो. तोंडावर नाही, पाठीमागे. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला असलं नाव का पडावं, ते मलाच ठाऊक, कारण दुकानाच्या काउंटरवर सव्वीस वर्षं मी बसते आणि ते नाव पहिल्यांदा मीच ठेवलं.

दुकान जेमतेम दोन खाटा मावतील एवढं. पुढे मी, मागे त्याचं टेबल, तेलाचे डाग, स्क्रूंचे डबे. नवा सुटा भाग आला की हा गृहस्थ आधी तो टेबलाला ठोकलेल्या पकडीत, व्हाइसमध्ये, आवळायचा आणि त्यावर कोरलेला नंबर कानशीने घासून सपाट करायचा. मगच तो मशीनमध्ये बसवायचा. रस्त्यापलीकडच्या दुकानदाराने उद्या तेच मशीन उघडलं, तर हा भाग कुठला, कुठून आणला, याचा त्याला पत्ता लागू नये! त्या दुकानदाराचं नावही आमच्याकडे निघत नसे. तो नुसता 'समोरचा'.

"अरे, निदान वहीत तरी लिहून ठेव," मी कानीकपाळी ओरडायचे.

"ताई, वही चोरीला जाते. डोकं कोण चोरणार?"

तीन वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. अठरा दिवस दवाखान्यात होता. वाचा परत आली, उजवा हात परत आला, माझ्यावर खेकसणंसुद्धा परत आलं, आणि त्यासाठी मी आजही रोज हात जोडते. आकडे मात्र आले नाहीत. कुठल्या मशीनला कुठला भाग चालतो, हे सगळं पुसलं गेलं. ते तो कबूल करत नव्हता, आणि मी विचारत नव्हते.

मग एका सकाळी बुटांच्या बाई आल्या. ज्यांचे पाय वाकडे आहेत किंवा एक पाय आखूड आहे, अशा मुलांसाठी त्या मापाचे बूट शिवतात. त्यांच्याकडे जाड चामडं शिवणारं एक जुनं मशीन आहे. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. नऊ वर्षांपूर्वी माझ्या भावाने दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनचा गिअर त्यात बसवून ते चालू केलं होतं आणि पुढे आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडला होता. तो गिअर आता रुमालात चार तुकडे होऊन आला होता.

"भाऊ, अगदी असाच बसवा," बाई म्हणाल्या. "चौदा मुलांची मापं घेतलीत. महिन्याच्या आत नाही शिवले तर मापं फुकट. पाय वाढायचे थोडेच थांबतात? आणि नवं मशीन काही मला या जन्मात परवडायचं नाही. कुलूपच लावावं लागेल."

"बघतो," तो म्हणाला.

बाई गेल्यावर त्याने तुकडे उलटे केले. नंबर असायला हवा तिथे गुळगुळीत, चकचकीत जागा होती. त्याचंच काम! तो कितीतरी वेळ त्या जागेवरून अंगठा फिरवत राहिला आणि मग माझ्यासमोर, पन्नाशीचा बाप्या, ढसाढसा रडला. मला वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त राग आला. आता गप्प बसायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

माझ्या फोनवर एक गट होता. देशोदेशीचे मशीन दुरुस्त करणारे आणि शिवणारे लोक तिथे फोटो टाकतात, सुट्या भागांचे नकाशे टाकतात, एकमेकांना अडचणी सोडवून देतात, तेही फुकट. भाषेचं फोन बघून घेतो. माझा भाऊ त्याला 'रिकामटेकड्यांचा अड्डा' म्हणायचा. आपली विद्या अशी रस्त्यावर ठेवणारी माणसं एक तर वेडी असणार नाही तर खोटारडी, असं त्याचं ठाम मत होतं. मी तुकड्यांचा फोटो टाकला. पाचच मिनिटांत कुणीतरी विचारलं, भागावरचा नंबर काय?

"सांग, काय लिहू?" मी विचारलं.

तो खाली मान घालून म्हणाला, "खरं लिही."

मी लिहिलं, नंबर आम्हीच घासून टाकला आणि घासणारा आता विसरला आहे. लोक फिदीफिदी हसतील असं वाटलं होतं. सकाळी फोन उघडला तर एकोणीस जणांनी खाली लिहिलं होतं, 'आम्हीही.' एकाने लिहिलं की त्याचे वडील असे घासलेले बारा डबे मागे ठेवून गेले, आणि त्यातला कुठला भाग कुठे लागतो हे घरात कुणालाच माहीत नाही. ते वाक्य भावाने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

मग कामाला सुरुवात झाली. एका निवृत्त कामगाराने दाते मोजायला लावले, भोकाचं माप मागितलं. होड्यांची शिडं शिवणाऱ्या एका बाईकडे तसंच मशीन होतं. तिने स्वतःचं चालतं मशीन खोलून आतले फोटो पाठवले. कोण कुणासाठी एवढं करतं हो! 'तिसरा मजला' असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी कॉम्प्युटरवर नकाशा काढला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्यावरून आम्ही थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकचा गिअर छापून घेतला. बाईंच्या मशीनमध्ये बसवला, तर दुसऱ्याच टाक्याला अडकला. दात्यांचा तिरकेपणा दोन अंशांनी चुकलाय, असं शिडवाली बाई म्हणाली. भावाने गिअर हातात घेतला, डोळे मिटून दात्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "दोन नाही, तीन." तीनच निघाले. आजारपणानंतर इतका खूश तो मला पहिल्यांदाच दिसला.

आता तोच गिअर पितळेत कोण कापून देणार, एवढाच प्रश्न उरला. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात समोरचा उभा! सव्वीस वर्षांत त्याने रस्ता ओलांडला नव्हता.

"त्या एकोणीस जणांत एक मी आहे," तो म्हणाला. "तुमच्या भीतीने घासायचो."

"माझ्या?" भाऊ म्हणाला.

"मग काय? पितळेचं काम माझा मेहुणा करतो. नकाशा पाहिलाय मी. उद्या देतो."

भावाने स्टूल पुढे सरकवलं. मी चहा ठेवायला उठले, कारण तिथे थांबले असते तर मीच रडले असते.

पितळी गिअर आला तो बाई येऊन गेल्यापासूनचा सतरावा दिवस होता. भावाने तो व्हाइसमध्ये आवळला आणि ड्रॉवर उघडला. आत कानस होती. पण त्याने हात आणखी आत घातला आणि आकडे कोरायचे ठसे बाहेर काढले. कधीकाळी घेतलेले, एकदाही न वापरलेले. गटाने त्या नकाशाला जो नंबर दिला होता, तो त्याने हातोडीने एकेक आकडा करून ठोकला.

"ताई, नीट वाचता येतोय ना?"

"आंधळ्यालासुद्धा येईल," मी म्हटलं.

आता दर सुट्टीच्या दिवशी तो आणि समोरचा आमच्या दुकानात बसून जुने घासलेले भाग मोजतात, ओळखतात, त्यांचे नकाशे गटावर टाकतात. दोघंही उपाशी राहणार, असं मला वाटलं होतं. उलट लांबलांबून मशीनं येऊ लागलीत. नकाशा सगळ्यांकडे असतो, पण हात सगळ्यांचा बसत नाही.

बाईंनी परवा फोटो आणून दिला. बाकावर बुटांचे चौदा जोड ओळीने मांडलेले. "तुमच्या त्या लोकांना दाखवा," म्हणाल्या. मी गटावर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, हे तुम्ही शिवलेत, आम्ही तुमचे जन्माचे ऋणी आहोत. भाऊ मागून वाकून बघत होता.

"आणखी एक ओळ लिही," तो म्हणाला. "गिअरवर नंबर आहे म्हणावं. कुणीही उघडून वाचा."