पाहुणा जेवला का?

"थांब, बोलू दे त्याला."

बिघडलेल्या एसीपुढे उभे राहिले की मिस्त्री आधी हे म्हणायचे. मग पत्र्यावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मान जराशी तिरकी करून ऐकत राहायचे. घरमालक घामाने निथळत असायचा, मी शिडी धरून ताटकळत असायचो, आणि आमचे मिस्त्री नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे गप्प. मिनिटभराने डोळे उघडायचे. "कॉम्प्रेसर ठणठणीत आहे. पंख्याचं बेअरिंग गेलंय." खोलून पाहावं तर बेअरिंगच गेलेलं असायचं. असा एखादा कारागीर तुम्हीही पाहिला असेल. हातात हत्यार घेण्याआधीच अर्धं काम उरकणारा.

मस्कतच्या बाहेर माबेलाला आमचं एसी-फ्रिज दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीकडचा, मुसलमान. पिकअप चालवायचो आणि मिस्त्रींना कामात साथ द्यायचो. ते वसईचे, कॅथलिक, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. बायको-मुलं वसईला, हे इकडे अठरा वर्षं. त्यांना चांगलं लांबलचक नाव होतं, पण आमचा ओमानी मालक, आमचा अर्बाब, तोसुद्धा त्यांना "मिस्त्री" अशीच हाक मारायचा.

एकाच गोष्टीवरून आमचं वाजायचं. दुपारच्या नमाजाला मी पिकअप कडेला घेतली की ते घड्याळ बघायला लागायचे.

"पाच मिनिटं म्हणतोस आणि पंधरा लावतोस. गिऱ्हाईक उकडतंय तिकडे!"

"तुम्ही शुक्रवारी चर्चला जाता, तेव्हा मी काही म्हणतो का मिस्त्री?"

"मी सुट्टीच्या दिवशी जातो. कामाच्या वेळेत देवाला बोलवत नाही मी."

हे बोलायचे मात्र हसून. मीही हसायचो आणि पंधराची वीस मिनिटं करायचो.

तर हेच मिस्त्री एका शनिवारी सकाळी वर्कशॉपमध्ये आले ते नाचतच. आदल्या दिवशी रुवीच्या चर्चमध्ये टांझानियातून एक पाहुणे फादर आले होते. तिकडच्या मिशनच्या दवाखान्यात पोरांच्या लसी ठेवायचे फ्रिज सारखे बंद पडतात, दुरुस्त करायला दोन दिवसांच्या अंतरात माणूस नाही, असं ते बोलता बोलता म्हणाले होते.

"फ्रिज रे!" मिस्त्री माझे खांदे धरून हलवायला लागले. "मला वाटायचं मिशनला जायचं तर उपदेश करता यायला हवा, पुस्तकं वाचलेली हवीत. त्यांना फ्रिजवाला पाहिजे! म्हणजे मी पाहिजे!"

आखातातली नोकरी सोडून माणूस आफ्रिकेत बिनपगारी जातो, हे आमच्या खोलीवर कुणाच्या पचनी पडेना. अर्बाब तेवढा म्हणाला, "दोन वर्षं जा. परत आलास की व्हिसा देतो, इन्शाल्ला." आणि मिस्त्री खरंच गेले.

दोन वर्षांत तीन पत्रं आली. तिसऱ्या पत्रात लिहिलं होतं, 'आता मला इथली भाषा येते. बायका माझ्या उच्चारांना हसतात, पण कळतं त्यांना.'

परत आले तेव्हा सीबच्या विमानतळावर मीच आणायला गेलो. वाळले होते, रापले होते. मला वाटलं, आता महिनाभर गोष्टी ऐकायला मिळणार. पण मिस्त्री गाडीच्या खिडकीतून रस्त्याकडे बघत बसले. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले, तेही तोंड मिटूनच. पत्र्यावर हात ठेवणं नाही, डोळे मिटणं नाही. मुकाट्याने स्क्रू काढायचे आणि लावायचे.

एकदा मी न राहवून विचारलं, "तब्येत बरी आहे ना मिस्त्री?"

"तिकडे एक फ्रिज चालू केला की पन्नास पोरांच्या लसी वाचायच्या," ते म्हणाले. "नर्स देवाचे आभार मानायच्या. इथे एसी चालू केला की लोक विचारतात, अजून थंड होत नाही का? देवाचं काम तिकडेच राहिलं बाबा. इथे नुसतं काम आहे."

त्यांनी फादरना पत्र टाकलं होतं, मला परत बोलवा म्हणून. उत्तराची वाट बघत होते.

जून महिना लागला. मस्कतचा जून सांगून कळायचा नाही. शिडीला हात लावला तर चटका बसतो. अशा एका दुपारी अल मवालेहच्या एका घरून फोन आला. भाजीबाजाराच्या मागच्या वस्तीतलं घर. म्हातारीच्या खोलीतला एसी बंद पडला होता.

दार उघडलं ते सुनेने. शाळेत शिकवणारी बाई, निझवाकडची. चेहरा थकलेला. तिने आम्हाला खोली दाखवली आणि आधीच सांगून टाकलं, की सासूबाई काही बोलल्या तर मनावर घेऊ नका. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून अरबी पार विसरल्या आहेत. जन्म आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरचा, पूर्वी बरेच ओमानी तिकडे राहायचे; तिकडची लहानपणची भाषाच तेवढी जिभेवर उरली आहे. घरात ती कुणाला येत नाही. नवऱ्याला पण नाही, कारण तो आजोबांकडे निझवालाच वाढला. तो वाळवंटातल्या तेलाच्या कामावर असतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. सूर गावाला सासूबाईंची एक बहीण आहे, पण ती तान्ही असतानाच इकडे आली, तिलाही ही भाषा येत नाही.

खुर्चीत म्हातारी बसली होती. मूठभर बाई, पण नजर तिखट. शेजारी जेवणाचं ताट तसंच झाकलेलं. सून म्हणाली, "रोज असंच. ताट समोर ठेवलं की 'म्गेनी, म्गेनी' करतात आणि तोंड फिरवतात. म्गेनी म्हणून कोणी मैत्रीण असेल लहानपणची. आम्ही सगळ्या नात्यात विचारलं. कुणाला माहीत नाही. अर्धं अंग गेलं तरी जगल्या, आता उपासाने जातील."

हे सगळं ती अरबीत माझ्याशी बोलत होती. मिस्त्री तोवर शिडीवर चढून जाळी काढायला लागले होते. जाळी अडकली. त्यांनी जोर लावला, शिडी हलली.

खालून म्हातारी म्हणाली, "पोले पोले, म्वानांगू."

मिस्त्रींच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खणकन फरशीवर पडला. मला वाटलं, शॉक बसला. शिडीवरून खाली वाकून ते मला मराठीत ओरडले, "अरे! ती म्हणतेय, सावकाश, माझ्या पोरा! अरे, मला कळलं ते!"

आणि तिथूनच त्यांनी म्हातारीला टांझानियात शिकलेल्या स्वाहिलीत काहीतरी उत्तर दिलं; झांझिबारचीही तीच भाषा.

म्हातारीचं तोंड उघडंच राहिलं. तिने चांगला हात पुढे केला. मिस्त्री शिडीच्या तीन पायऱ्या गाळून खाली उतरले आणि तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसले. ती त्यांचे काळे, ग्रीस लागलेले हात धरून बोलत सुटली. अडखळत होती, थुंकी उडत होती, मधेच हसत होती. मिस्त्री कान तिच्या तोंडाशी नेऊन ऐकत होते. सून दारात पुतळ्यासारखी उभी.

"विचारा," ती शेवटी म्हणाली. "म्गेनी कोण ते विचारा."

मिस्त्रींनी विचारलं. उत्तर ऐकलं. पुन्हा एकदा विचारलं, खात्री करून घ्यायला. मग आमच्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"ते नाव नाही," ते मला म्हणाले. "म्गेनी म्हणजे पाहुणा. 'म्गेनी अमेकुला?' पाहुणा जेवला का, असं विचारतेय ती. तिच्या आईच्या घरी बाहेरचं कुणीतरी जेवल्याशिवाय घरातलं कुणी ताटाला हात लावत नव्हतं. बापाने घातलेला नेम. देवाने दिलेलं आधी त्याच्या पाहुण्याला." मग सुनेकडे बघत, त्यांच्या कामचलाऊ अरबीत, "दैफ! म्गेनी, दैफ! दैफ जेवला का, ती विचारते!"

सून तोंडावर ओढणी धरून रडली. मग डोळे पुसले आणि आम्हाला हुकूम सोडला, "हात धुवा. दोघेही. यल्ला!"

"बाई, एसी..."

"एसी राहू दे!"

पाहुण्यांच्या खोलीत आमच्यासमोर भात आणि मासळी आली. सुनेच्या लहान मुलीने वाढलं. म्हातारीची खुर्ची ओढून दारात आणली होती. ती आमच्या प्रत्येक घासाकडे लक्ष ठेवून होती. शेवटी तिने विचारलंच, "म्गेनी अमेकुला?"

"अमेकुला, बीबी," मिस्त्री पोटावर हात फिरवत म्हणाले. "अमेशिबा." जेवला, आजी. पोटभर जेवला.

मग म्हातारी जेवली. सून भरवत होती आणि ती सगळं ताट जेवली.

एसी चालू करून निघालो तेव्हा परतीच्या वाटेवर मिस्त्री पिकअपमध्ये बसून राहीनात. डॅशबोर्ड बडवत होते. "अठरा वर्षं! अठरा वर्षं मी या घरांमध्ये शिरतोय. छपरावर चढलो, भिंतीला भोकं पाडली, आणि आत कोण बसलंय ते पाहिलंच नाही! माझ्या शेजारणीशी बोलता यावं म्हणून देवाने मला आफ्रिकेला पाठवलं रे! केवढा लांबचा रस्ता!" मी म्हटलं, दरवाजा नीट लावा आधी, पडाल. त्यांनी ऐकलंच नाही.

आणि मग तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा जो उत्साह सुरू झाला तो आवरेना. रोजचा पाहुणा हवा होता, म्हणून त्यांनी वर्कशॉपमध्ये पाळ्या लावल्या. आज मी, उद्या केरळचा वेल्डर, परवा पाण्याचा टँकर चालवणारा पठाण. भाजीबाजारातला एक हमाल रोज उरलेली केळी दुभत्या शेळ्यांसाठी दुसऱ्याच एका म्हातारीकडे पोचवतो, हे मिस्त्रींना दिसलं; त्यालाही पकडून नेलं जेवायला. "बघितलंस?" ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे. "हे बघितलंस? कुणाला न सांगता करतोय!" पूर्वी एसीचं ऐकायचे, आता माणसांचं ऐकायला लागले.

अर्बाबने एक दिवस डोक्याला हात लावला. "त्या मवालेहच्या घरचा एसी किती वेळा बिघडतो? रोज दुपारी माझी गाडी तिथेच!"

मिस्त्रींनी खरं काय ते सांगितलं. अर्बाबने डोक्यावरचा हात खाली घेतला. मग म्हणाला, "गुरुवारी मी जातो." आणि गेला. जाताना खजुराची मोठी परात घेऊन गेला.

सुनेने मिस्त्रींकडून रोज पाच-पाच शब्द शिकून घेतले. अरबी अक्षरांत लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटावर चिकटवले. तीनेक महिन्यांनी मी गेलो तेव्हा सासू-सुनांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं, स्वाहिलीत. मिस्त्रींना सांगितलं तर ते टाळ्या वाजवून हसले. "भांडण जमलं म्हणजे भाषा आली!"

आणखी एक सांगायचं राहिलं. त्या पहिल्या जेवणानंतर दुसऱ्याच दिवशी दुपारी मी पिकअप कडेला घेतली. रस्त्याच्या कडेला सावली नव्हती. मी चटई टाकून उभा राहिलो आणि वाकलो तेव्हा लक्षात आलं, पाठीवरचं ऊन गेलंय. मिस्त्री नव्या एसीचा रिकामा खोका उलगडून, दोन्ही हातांनी माझ्यावर धरून उभे होते. घाम त्यांच्या हनुवटीवरून टपटपत होता. माझा नमाज झाल्यावर मी काही बोलणार, तेवढ्यात तेच वैतागल्यासारखे म्हणाले, "सावकाश कर. कुणाचं काही उकडत नाही."

पुढे हिवाळ्यात फादरचं उत्तर आलं. दवाखान्यात नवी शीतखोली बांधली आहे, लगेच या. मिस्त्रींनी पत्र दोनदा वाचलं. मग त्यांनी उत्तर लिहिलं, तेही माझ्यासमोर, मला वाचून दाखवत. तिथे तयार केलेल्या एका माणसाचं नाव कळवलं, त्याला काय काय शिकवलंय ते लिहिलं. शेवटी लिहिलं, 'मी इथे मिशनवर आहे. सध्या निघता येणार नाही.' पाकीट बंद करून त्यांनी मला विचारलं, "काही जास्त झालं का रे लिहिण्यात?"

"नाही मिस्त्री," मी म्हटलं. "अगदी बरोबर आहे."

म्हातारी त्यानंतर चार वर्षं जगली. गेली ती दुपारी झोपेत. सुनेने वर्कशॉपला फोन केला तो मीच उचलला. दफनाला मिस्त्री सगळ्यांच्या मागे टोपी हातात धरून उभे होते. म्हातारीच्या मुलाने त्यांना पाहिलं, मागे आला, हाताला धरून पुढे नेलं आणि माती द्यायला लावली.

त्या वर्षाच्या शेवटी मिस्त्री कायमचे वसईला निघाले. गुडघे गेले होते, शिडी चढवत नव्हती. आम्ही सहा-सात जण विमानतळावर गेलो. अर्बाबही आला. मी मनाशी ठरवलं होतं, ते आत गेल्यावर शेवटी एकदा वळून बघतील तेव्हा रडायचं नाही, हसून हात हलवायचा.

काचेच्या पलीकडे ते रांगेत उभे राहिले. त्यांच्यापुढे पहिल्यांदाच सुट्टीवर निघालेला एक मजूर होता. त्याच्या खोक्याची दोरी तुटली आणि ब्लँकेट, साबण, दुधाच्या पावडरचे डबे सगळीकडे पसरले. तो बिचारा कावराबावरा झाला. मिस्त्री दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसले. डबे गोळा केले, खोका नीट दाबला आणि स्वतःच्या कमरेचा पट्टा काढून त्याभोवती आवळायला लागले. एका हाताने सुटणारी पँट सावरत होते आणि काहीतरी सांगत होते, कारण मजूर हसायला लागला होता. मागची दोन माणसंही खाली बसून मदत करायला लागली. मग ती सगळी मंडळी तो खोका मधे धरून, बोलत बोलत, कोपऱ्यावरून आत वळली.

आम्ही इकडे हात वर करून उभे होतो. मिस्त्रींनी मागे वळून पाहिलंच नाही.