मुठीतली डबी

बेबीताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझा विश्वास बसला नाही, कारण ही बाई याआधी एकदा मेली होती. संस्थेचे साहेब 'प्रशिक्षण पूर्ण झालं' अशा कागदावर सही घ्यायला वर्गाच्या तिसऱ्याच दिवशी आले, तेव्हा दाराआडून तिनेच मला खुणावलं होतं, वारली म्हणा. मी सांगितलंही, चेहरा पाडून... म्हणून या वेळी दोनदा उलटून विचारलं. या वेळी खरं होतं.

अनसिंगला माझ्या दुकानामागच्या खोलीत तिचा शिलाईचा वर्ग भरे. धरणात गाव गेलेल्या, एकटीने लेकरं वाढवणाऱ्या आठ जणी, आणि शिकवणारी नववी बेबीताई, तीही तशीच. संस्थेने नऊ मशीनी दिल्या, सहा महिन्यांच्या बोलीवर. मी जात्याच संशयी. रोज संध्याकाळी नऊही बाया मूठ आवळून बाहेर पडत, सकाळी तशाच आत जात.

"काय नेऊन राह्यल्या ह्या?" मी बेबीताईला विचारलं.

"खोली तुमची भाऊ, मूठ आमची."

गिऱ्हाईकं ताटकळत ठेवून मी पाळत ठेवली. बटणांपासून कात्रीपर्यंत सगळं मनातल्या मनात चोरीला घातलं.

पंधराव्या दिवशी पाहुण्यांसोबत फोटो निघाले, बेबीताई तेवढी दाराआड राहिली. सोळाव्या दिवशी सकाळी सकाळी संस्थेचा टेम्पो आला. वाशीमला नवा वर्ग, नवे पाहुणे, मशीनी मात्र ह्याच. बाया जेमतेम सरळ टीप मारायला शिकल्या होत्या. तरी भांडल्या नाहीत. मशीनी चढवायला हात लावला. दुपारी साहेबांचा मला फोन. पाहुणे येऊन बसलेत, एकही मशीन चालत नाही. बेबीताईने फोन ओढून घेतला.

"तुम्ही तर वारल्या होत्या ना?"

"वापस आली. गाडी पाठवा."

त्या जीपमध्ये न बोलावता मीही चढलो. वाशीमच्या सभागृहात नऊ मुठी उघडल्या. प्रत्येकीत खालचा दोरा धरणारी लोखंडी डबी. ती नसली तर मशीन नुसतं खडखडतं, टाका पडत नाही. डब्या बसल्या, मशीनी चालल्या, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बेबीताईने माईक धरला. "आमचे सहा महिने झाले की ह्या मशीनी इकडं येतीन. साहेबानं कबूल केलं हाये." पाहुण्यांदेखत साहेब मान हलवत राहिले. संध्याकाळी टेम्पो परत अनसिंगला.

"माझ्यावरही भरवसा नव्हता?" मी जीपमध्ये विचारलं.

"गाव उठलं तवा सारे म्हने, सामान राहू द्या, मांगून आनून देऊ..." ती बाहेर पाहत म्हणाली. "तवापासून एक तरी वस्तू हाती ठेवतो, भाऊ."

सहा महिने पुरे झाले. आठही जणींची घरं आज शिवणावर चालतात. पुढे बेबीताईने स्वतःचं घेतलेलं मशीन अजून माझ्या खोलीत आहे. परवा खालची पट्टी सरकवून पाहिली. डबी नाही. आठही जणींना मुठी उघडायला लावल्या. हसत हसत उघडल्या, रिकाम्या. बेबीताईच्या घरी तिच्या लेकीला विचारलं, तिलाही ठाऊक नाही. माझा संशय पक्का आहे, बेबीताईच ती घेऊन गेली.

बाजारात नवी डबी सहज मिळते. मी आणलेली नाही.