शेलूबाजारच्या पुढे, बाईंच्या आवाजासाठी

"वाशिमला काय बघायला चाललीस?" नवऱ्यानं विचारलं. बघायला नाही रे बाबा, ऐकायला! पण हे त्याला कसं समजावणार?

बाई माझ्या मार्गदर्शक. भाषाशास्त्रज्ञ. उभी हयात त्यांनी वऱ्हाडी बोलीवर काम केलं. 'अशुद्ध मराठी' म्हणून जिची टिंगल व्हायची, तिची स्वतःची शिस्त आहे, हे त्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या गप्पांमधून दाखवून दिलं. आज बोलींवर काम करणारे आम्ही बरेच जण त्यांच्याच वाटेनं चालतो. गेल्या वर्षी बाई गेल्या. विभागात त्यांच्या कॅसेटींनी कपाट भरलंय, आणि त्यात बाईंचा आवाज कुठेच नाही. टेपमधून स्वतःला त्यांनी नीट कापून टाकलेलं! मला तर त्यांचं हसू पुन्हा एकदा ऐकायचं होतं. गमतीची जागा यायच्या आधी त्या स्वतःच हसत सुटायच्या आणि म्हणायच्या, "थांब गं, आधी मला हसू दे."

एक आशा होती. कुणाची गोष्ट टेपवर घ्यायची, तर बाई आधी आपली एक दुसऱ्या कॅसेटवर सांगायच्या आणि ती त्या घरी ठेवून यायच्या. "फुकट न्यायचं नाही," म्हणायच्या. शेलूबाजारजवळच्या वस्तीवरच्या यमुनाबाईंचं नाव त्यांच्या तोंडी सारखं असायचं. म्हटलं, चला.

पुण्याहून ट्रॅव्हल्सनं सकाळी वाशिमला उतरले. स्टँडसमोर आलूबोंडा आणि त्यावर कढी. कढी नको म्हणू नका, पस्तावाल. तिथून एसटीनं मंगरूळपीर, पुढे जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि ती कधी भरली हे ड्रायव्हर ठरवतो. "सरका ना ताई, अजून दोघं मावते!" भाडं किरकोळ, पण गुडघे आपले राहत नाहीत. जाल तर थंडीत जा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर उभी असते.

यमुनाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बाई गेल्याचं सांगितलं, तसे त्यांचे हात थांबले. "आता वं माय! मले कोणी सांगतलंबी नाही."

कॅसेटचं विचारलं तर त्यांचा मुलगा सिद्धार्थ चुळबुळायला लागला. चांगला नोकरी करणारा, टक्कल पडलेला माणूस, पण मान खाली. "जयंतीचे गाणे भरले तिच्यावर. तवा कोरी कॅसेट भेटत नोती."

"बाईचा आवाज पुसला यानं," यमुनाबाई म्हणाल्या. "लय दिस बोल्ली नाही मी याच्याशी."

एवढ्या लांब आले आणि हाती काय, तर मिरवणुकीचा ढोल. डोळे भरून आले.

"रडून कायले राह्यली? गोष्ट तं माह्यापाशी आहे ना. नातवायले थेच लागते."

मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. बाई लहानपणी सायकल शिकल्या, त्याची ती गोष्ट. चालवता यायला लागली, पण उतरायचं कुणी शिकवलंच नव्हतं! मग मैदानात गोल गोल, दिवस मावळला तरी गोल गोल. शेवटी वडिलांनी धावत येऊन सायकल धरली. यमुनाबाई वऱ्हाडीतच सांगत होत्या, पण हात बाईंसारखा हवेत फिरत होता, श्वास बाईंच्याच जागी तुटत होता. वडील यायच्या जरा आधी त्या थांबल्या, तोंडाला पदर लावला आणि हसत सुटल्या. "थांब वं, आधी मले हसू दे."

मी ढसाढसा रडले. सिद्धार्थ पाणी घेऊन आला.

"आता तुह्यी सांग," यमुनाबाईंनी फर्मावलं. "फुकट नाही न्यायचं." मी बाईंबद्दलच सांगितलं. मग ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी, ज्वारीची भाकरी, ठेचा. नको नको म्हणत दोन भाकऱ्या खाल्ल्या. परतीची जीप चुकली ती त्या भाजीपायी, सिद्धार्थनं मोटरसायकलवर मंगरूळपीरला सोडलं.

घरी आल्यापासून ते रेकॉर्डिंग रोज ऐकते. कामाच्या दृष्टीनं म्हणाल तर ते यमुनाबाईंचं बोलणं आहे, बाईंचं नाही. कळतं मला. पण ते हसू ऐकून झालं, की मी बंद करते. वडील धावत येतात, तिथपर्यंत जातच नाही. बाई अजून मैदानात गोल गोल फिरतायत, आणि मी त्यांना उतरू देत नाही.