अंदाजाचा फ्रॉक

सिंधीपुऱ्यातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात साठीतल्या एक बाई आल्या. नेसून मऊ झालेली सुती साडी पुढे ठेवून म्हणाल्या, "यातून नातीला फ्रॉक शिवून द्या." माप विचारलं तर मशीनपाशी हात धरला. "एवढी असेल."

मुलगा-सून जर्मनीत. भारतातल्याच एका लांबच्या संस्थेतली दोन वर्षांची मुलगी दत्तक घेतायत, पण दोन्हीकडचे पेपर अटकलेले. नात फक्त फोटोत पाहिलेली.

मला चौकशा करायची सवय. "मग नवं कापड का नाही आणलं?"

"लेकरू जन्मायच्या आधी नवं आणत नाहीत आमच्यात."

"ती तर दोन वर्षांची आहे."

"आमच्या घरात अजून जन्मायचीच आहे ना."

दर पाच-सहा महिन्यांनी त्या यायच्या आणि हात थोडा वर धरायच्या. आधीचा फ्रॉक कुणी न घालताच आखूड झालेला असायचा. साडी पदरापर्यंत संपत आली.

परवा त्यांनी माझ्यापुढे पिवळं, कोरं कापड ठेवलं. सवयीने मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. तो त्यांनी वर केला नाही. त्या हातात एक छोटा हात होता.

"आता टेप घ्या," त्या म्हणाल्या.